लिफ्टमधला जर्क

मनोहरराव निनावे यांनी आयुष्यात कधी कुणाला शिवी दिली नव्हती, असं नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या देखभालीवर उभी नोकरी काढलेल्या माणसाच्या हातावर पान्हा पडला, तर त्याच्या तोंडून काही स्तोत्र निघत नाही. पण त्या सगळ्या शिव्या अस्सल मराठी नाहीतर हिंदी होत्या, ऐकणाऱ्याला लगेच कळतील अशा होत्या, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत विसरल्या जात होत्या. जी शिवी त्यांनी दिलीच नाही, जी शिवी आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं, त्या एका इंग्रजी शब्दानं मात्र ऐन मे महिन्यात त्यांच्या जिवाला घोर लावला.

त्यांच्या पत्नीचे, म्हणजे सिंधूताईंचे, दोन्ही गुडघे बदलले होते. त्या धंतोलीच्या दवाखान्यात होत्या आणि शनिवारी घरी येणार होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "काकाजी, सध्या जिना नाही म्हणजे नाही." निनाव्यांचं घर शिवगंगा अपार्टमेंटच्या चौथ्या माळ्यावर. आणि शिवगंगाची लिफ्ट काही दिवसांपासून चालता चालता मध्येच असा झटका देत होती, की आतल्या माणसाच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडावी.

दुसरा कुणी असता तर त्यानं "लिफ्ट बिघडली" एवढं म्हणून सोडून दिलं असतं. पण मनोहररावांचे कान यंत्रांवर वाढलेले. झटका कुठं बसतो, आवाज आधी येतो की नंतर, हे त्यांनी दोन दिवस लिफ्टमधून वर-खाली करून पाहिलं आणि बुधवारी सकाळी झटका एकदम वाढला तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीतसर तक्रार टाकली. तक्रार इंग्रजीत टाकली, कारण यंत्राबद्दल लिहायचं तर इंग्रजीत, ही त्यांना नोकरीतली सवय. त्यांनी लिहिलं:

'देअर इज ए जर्क इन द लिफ्ट सिन्स मॉर्निंग. ऑल मेंबर्स आर सफरिंग. लेडीज आर अफ्रेड. काइंडली रिमूव्ह इमिजिएटली.'

म्हणजे, लिफ्टमध्ये सकाळपासून जर्क आहे, सगळ्यांना त्रास होतो आहे, बायका घाबरल्या आहेत, कृपया ताबडतोब काढावा. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, याचं त्यांना समाधानही वाटलं.

आता त्या दिवशी सकाळपासून लिफ्टमध्ये सोसायटीचे चेअरमन चंपतराव भोयर बसलेले होते, यात मनोहररावांचा काय दोष?

चंपतराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले. राहायला पहिल्या माळ्यावर, पण लिफ्टशिवाय पाऊल टाकत नसत. लिफ्टच्या कोपऱ्यात कुणीतरी रोज खर्रा थुंकून जात होतं. सुपारी-तंबाखूची ती लाल पिचकारी चंपतरावांना स्वतःच्या कारकिर्दीवरचा डाग वाटायची. शेवटी त्यांनी गुन्हेगाराला रंगेहाथ पकडायचं ठरवलं, आणि प्लॅस्टिकचा स्टूल घेऊन लिफ्टमध्येच ठाण मांडलं. पेपर वाचत ते वर जात आणि पेपर वाचत खाली येत. बायका खरंच घाबरत होत्या. दार उघडलं की आतून "कोणत्या माळ्यावर?" असा प्रश्न यायचा, आणि त्यापाठोपाठ तोंडाचा वास घेतल्यासारखं नाक पुढं यायचं.

मनोहररावांच्या संदेशाखाली पटापट अंगठे उमटले. 'ॲग्रीड', 'करेक्ट', 'व्हेरी ट्रू काका'. त्यांना वाटलं, लोक जागरूक झाले. मग तिसऱ्या माळ्यावरचा हर्षित, जो घरी बसून कुठल्यातरी परदेशी कंपनीचं काम करतो, धावत वर आला आणि दारातच पोट धरून हसायला लागला.

"काका, मानलं तुम्हाला! सरळ ग्रुपवर?"

"काय झालं?"

हर्षितनं मोबाइलवर शब्दकोश उघडून वाचून दाखवलं. जर्क म्हणजे पहिला अर्थ, झटका. दुसरा अर्थ, मूर्ख, आडमुठा, दुसऱ्याची पर्वा न करणारा माणूस. "आजकाल तिकडे झटक्याला कुणी नाही म्हणत जर्क, काका. माणसालेच म्हणतात."

मनोहरराव मटकन खुर्चीवर बसले. "अन् चंपतराव?"

"ते तर लिफ्टमध्येच आहेत ना सकाळपासून," हर्षित म्हणाला.

तेव्हाच चुकीचा संदेश पुसून टाकला असता तर काहीसं निभावलं असतं. पण पुसणं म्हणजे कबूल करणं, असं मनोहररावांच्या स्वाभिमानाला वाटलं. त्यांनी खुलासा करायचं ठरवलं. तोही इंग्रजीत.

'बाय जर्क आय डिड नॉट मीन श्री चंपतरावजी. ही वॉज ओन्ली सिटिंग इन लिफ्ट. जर्क इज ओल्ड. इट वॉज देअर बिफोर ही बिकेम चेअरमन.'

ज्यांना पहिल्या संदेशातली गंमत कळली नव्हती, त्यांनाही आता कळली. ग्रुपवर हसून डोळ्यांतून पाणी काढणारे चेहरे ओळीनं आले. त्यातला एक कांताबाईंचा होता. कांताबाई दुसऱ्या माळ्यावर राहतात आणि शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी दुपारी मनोहररावांना जिन्यात गाठून धीर दिला.

"भाऊजी, वजन उचलायच्या खेळात क्लीन अँड जर्क असते. तुम्ही म्हणा, मी त्या अर्थानं लिहिलं."

"लिफ्टमधे कोण वजन उचलून राहिलं, कांताबाई?"

"तेही खरंच. मग अमेरिकेत मटन सुकवून खातात, त्याला जर्की म्हणतात. ते म्हणा."

चंपतराव चातुर्मास पाळणारे गृहस्थ. त्यांना सुकवलेलं मटन म्हणणं म्हणजे आगीत रॉकेल. मनोहररावांनी हात जोडले आणि वर गेले.

संध्याकाळी त्यांनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीला फोन केला, तेव्हा खरी अडचण समोर आली. कंपनीचा माणूस म्हणाला, "चेअरमनच्या सहीशिवाय आम्ही हात नाही लावत, साहेब." मनोहरराव पहिल्या माळ्यावर गेले. दार चंपतरावांच्या पत्नीनं, यमुताईंनी उघडलं, आणि उघडल्या उघडल्या डोळ्यांनीच खुणावलं, की आज नको. पण आतून आवाज आलाच.

"यमे, कोण आहे? जर्कवाले असतीन तर सांग, चेअरमन घरी नाही."

"चंपतरावजी, मी यंत्राबद्दल लिहिलं होतं जी," मनोहरराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "शनिवारी सिंधूले आणाचं आहे. सही करून द्या. बाकी मंग पाहू."

चंपतराव बाहेर आले. नेहमी ताठ चालणारा माणूस, आज डोळे लाल दिसत होते. "आधी शब्द मागे घ्या. ग्रुपवर. मराठीत. माफी असा शब्द त्यात पायजे."

"जी शिवी मी देल्लीच नाही, तिची माफी काहून मागू?"

"मंग सही मी काहून करू?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि लिफ्ट मधल्यामध्ये झटके देत होती.

गुरुवारी प्रकरण पोलिसांत गेलं. सोसायटीत राहणारे वकील अंकुश मेश्राम यांनी चंपतरावांना तसं करू नका म्हणून सांगितलं, आणि मनोहररावांना "घाबरू नका, मी आहे" म्हणून सांगितलं. हे दुसरं ऐकल्यावर मनोहररावांचा रक्तदाब वाढला. ठाण्यात बोलावणं आलं तेव्हा त्यांच्या एका हातात सिंधूताईंच्या औषधांची पिशवी होती. बाकावर चंपतराव आधीच बसले होते. दोघांनी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वर्दीसमोर असं बसायची वेळ आली नव्हती, हा विचार मनोहररावांना आतून कुरतडत होता. बायको तिकडे दवाखान्यात वॉकर धरून चालायला शिकते आहे, आणि नवरा इथं शिवीगाळीच्या प्रकरणात.

हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला. "हे इंग्रजी आहे. आमचं कामकाज मराठीत चालते. शिवी मराठीत लिहून द्या."

चंपतरावांनी चष्मा सावरून तिथंच भाषांतर लिहिलं. महसूल खात्यातला माणूस, शब्दाला शब्द ठेवून लिहिणारा. मजकुरात अक्षराचा फरक करायचा नाही, ही त्यांची शिस्त. सवयीनं शब्दकोशातला पहिला अर्थ घेऊन त्यांनी कागद पुढं सरकवला. हवालदारांनी मोठ्यानं वाचलं, "लिफ्टमध्ये सकाळपासून एक झटका आहे. सर्व सदस्य त्रस्त आहेत. महिला घाबरल्या आहेत. कृपया ताबडतोब काढावा." मग वर पाहून म्हणाले, "मंग काढा ना. आमच्याकडे काहून आले? लाइटवाल्याले बलवा."

"साहेब, दुसरा अर्थ पाहा—"

"दुसऱ्या अर्थावर कलम नाही लागत, आजोबा. जा घरी. ऊन वाढून राहिलं."

मनोहररावांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बाहेर पडताना चंपतराव पायरीवर एकटेच उभे होते, हातात तो अर्ज, आणि घामानं शाई बोटांना लागलेली. मनोहररावांनी एक क्षण विचार केला की स्कूटरवर मागे बसा म्हणावं. मग सही आठवली. ते निघून गेले.

शुक्रवार फोन करण्यात आणि कुणी ऐकतं का ते पाहण्यात गेला. शनिवारी भर दुपारी अंकुशच्या गाडीतून सिंधूताई आल्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मनोहररावांनी तयारी ठेवली होती, बिनहाताची खुर्ची आणि उचलायला चार माणसं. सिंधूताईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"मी का गणपती हाओ, असं वाजतगाजत न्यायले? लिफ्ट चालू आहे ना?"

"चालू आहे, पण झटका देते. भरवसा नाही त्या मशिनीचा."

"तुमचा तरी कोणता आहे," असं म्हणून त्यांनी वॉकर पुढं टाकला.

लिफ्ट जुन्या धाटणीची, आत आणि बाहेर जाळीची सरकती दारं. अंकुशनं दार ओढलं. आत कोपऱ्यात, स्टुलावर, पेपर घेऊन चंपतराव. चंपतराव उठून उभे राहिले आणि स्टूल पुढं केला.

"बसा वहिनी."

सिंधूताई वॉकरसकट आत गेल्या. आता मनोहररावांनीही आत जायला हवं होतं. जागा होती. पण ज्या माणसानं सही अडवली, पोलिसात नेलं, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमी व्हा पुढं. मी जिन्यानं येतो."

सिंधूताईंनी जाळीतून त्यांच्याकडे पाहिलं. लिफ्ट वर निघाली.

मनोहरराव पहिल्या माळ्याच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा तो झटका त्यांना पायाखालच्या फरशीत जाणवला. आजवरच्या झटक्यांसारखा तो नव्हता. आधी कर्रकन आवाज, मग धाडकन, आणि त्यानंतर काहीच नाही. दोर हलायचे थांबले. लिफ्टमधला दिवा गेला, पंखा गेला. आणि सिंधूताईंचा आवाज आला, "आई गं!"

ते पहिल्या माळ्यावर धावत पोचले. लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये अडकली होती. बाहेरच्या जाळीतून पाहिलं तर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर आतली जमीन दिसत होती. त्यावर बायकोची सुजलेली पावलं, आणि शेजारी चंपतरावांच्या चपला.

"सिंधू! लागलं का वं?"

"मी बसली आहो. लागलं नाही. पण याइले पाहा, हे थरथर कापून राहिले."

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो कामठीला होता. "येतो साहेब, पण वेळ लागन. जाळी उघडू नका, कोणाले उतरवू नका." बाहेर ऊन असं की जिन्याचा लोखंडी कठडा हात लावू देत नव्हता. बंद खोक्यात, पंख्याशिवाय, टाके ओले असलेली बाई आणि सत्तरीचा म्हातारा. मनोहररावांनी मान वर केली. वर गच्चीवर मशीनची खोली होती. मेन स्विच बंद करून, ब्रेक सैल करून, हातानं चाक फिरवलं तर लिफ्ट इंच इंच खाली आणता येते, हे त्यांना माहीत होतं.

"खोलीची चावी?" त्यांनी विचारलं.

"चेअरमनकडे," आवाज ऐकून हर्षितबरोबर खाली आलेल्या कांताबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या.

मनोहरराव जाळीला तोंड लावून चावी मागणार, तेवढ्यात आतून चंपतरावांचा आवाज आला. बारीक, श्वास न पुरणारा. त्यांचे शब्द तुटत होते.

"वहिनी, मले बंद जागेत... मले जमत नाही. लिफ्ट चालती असली, दिवा असला, तर निभते."

"माह्याकडे पाहा, भाऊजी. भिंतीकडे नका पाहू. बोलत राहा. तो शब्द एवढा काहून लागला तुमाले? आमच्या याइले तर इंग्रजी धड येत नाही, सांगून राहिली मी."

बाहेर मनोहरराव जाळी धरून ऐकत होते. एरवी त्यांनी या वाक्यावर हरकत घेतली असती.

"शब्द नाही लागला," चंपतराव म्हणाले. "मले अर्थ माहीत नव्हता. पुण्याले नातीले फोन केला, हिमानीले. विचारलं, बाई, जर्क म्हणजे का? तिनं सांगितलं. मंग हसली. म्हणे, आजोबा, तसे तुम्ही थोडे आहातच." मग म्हणाले, "अन् ग्रुपवर सगळ्याइनं अंगठे देल्ले, वहिनी. एक जण म्हणाला नाही, की असं काहून म्हणता. एकही नाही."

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. हर्षित मोबाइलकडे पाहायला लागला.

मनोहररावांनी हळूच जाळी वाजवली. "चंपतरावजी. मी आहो. चावी खाली सोडा. मी काढतो तुमाले."

आतून काही हालचाल झाली. मग जाळीच्या फटीतून चाव्यांचा जुडगा खाली आला. चाव्या हातात आल्या तरी त्या सोडणारी बोटं जाळीबाहेरच राहिली. मनोहररावांनी ती बोटं क्षणभर हातात धरली. मग ते गच्चीकडे निघाले.

मशीनच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखी धग होती. मागोमाग आलेल्या अंकुशनं मेन स्विच खाली ओढला. मनोहररावांनी त्याच्या हातात ब्रेकचा दांडा दिला. "मी म्हणन तवा दाबाचा. मी थांब म्हटलं की सोडाचा. चुकला तर माही बायको आहे खाली, ध्यानात ठेव." वकिलानं दांडा दोन्ही हातांनी धरला. कोर्टात इतकी स्पष्ट सूचना त्याला कुणी कधी दिली नसावी.

जिन्यात माणसांची साखळी उभी राहिली. पहिल्या माळ्यावर यमुताई, मध्ये कांताबाई, वर हर्षित. यमुताई पाहून सांगायच्या, कांताबाई ओरडायच्या, हर्षित पोचवायचा. मनोहररावांनी चाकाला हात घातला. घाम डोळ्यांत उतरत होता. "दाब!" चाक जड गेलं, मग हललं. "थांब!" खालून आवाज वर आला, "हातभर खाली!" पुन्हा दाब, पुन्हा थांब. एकदा चाक हातातून निसटून अर्धा फेरा आपोआप फिरलं आणि खालून दोन किंकाळ्या आल्या, एक बाईची आणि एक, जरा जास्त मोठी, पुरुषाची. मनोहररावांनी सगळं अंग चाकावर टाकलं. "सोड! सोड म्हटलं ना बे!" अंकुशनं दांडा सोडला. चाक थांबलं.

मग खालून तीन तोंडांतून फिरत निरोप आला, "वहिनी म्हणतात, सावकाश फिरवा, घाई नाही."

त्या निरोपानं मनोहररावांचे हात स्थिर झाले. पुढचे फेरे त्यांनी मोटेचं पाणी सोडावं तसे सावकाश दिले. शेवटी हर्षित ओरडला, "लागली! बरोबर लागली!"

ते खाली पोचेपर्यंत सिंधूताई चंपतरावांच्या घरात कूलरसमोरच्या दिवाणावर होत्या आणि यमुताई त्यांच्या तळव्यांना ओलं फडकं लावत होत्या. चंपतराव दारात भिंतीला टेकून जमिनीवरच बसले होते, सदरा ओलाचिंब. त्यांनी पेन मागितलं, आणि कामठीहून कंपनीचा माणूस आला तशी त्याच्या कागदावर सही केली.

ब्रेकचा भाग घासला होता. नवीन यायला काही दिवस लागणार होते. तोवर लिफ्ट बंद. सिंधूताईंना चौथ्या माळ्यावर न्यायचा प्रश्नच नव्हता. यमुताईंनी सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, "वहिनी इथंच राहतीन. भाऊजी वर झोपतीन, खाली जेवतीन."

असे मनोहरराव रोज संध्याकाळी ताटावर बसू लागले, समोर चंपतराव. पहिले दोन दिवस बोलणं मीठ आणि चटणीपुरतं चाललं. तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी खाता खाता चंपतरावांनी घास खाली ठेवला.

"मनोहररावजी, एक विचारतो. खरं सांगा. लिहितानी मी तुमच्या डोक्यात होतो का नव्हतो?"

दिवाणावरून सिंधूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता, की सरळ नाही म्हणा आणि भाजी खा. पण मनोहररावांना त्या म्हाताऱ्याची जाळीतली बोटं दिसत होती, आणि त्या बोटांना खोटं सांगवेना.

"लिहितानी नव्हते," ते म्हणाले. "हर्षितनं अर्थ वाचून दाखवला, तवा आले."

यमुताईंच्या हातातली पळी अर्ध्यावर थांबली.

"काहून आलो?" चंपतरावांनी विचारलं. रागानं नव्हे. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"लिफ्ट सगळ्याइची, अन् तुमी त्यात स्टूल टाकून बसले. पोरीसोरीइच्या तोंडाचा वास घेतला. कोणी काही सांगितलं तर तुमी ऐकून घेत नाही. अन् माही बायको दवाखान्यात असताना सही अडवली."

इतकं बोलून मनोहररावांना वाटलं, आता उठून वर जावं लागणार, आणि सिंधूताईंनाही खुर्चीवरून वर न्यावं लागणार. चंपतराव ताटाकडे पाहत बसले. मग त्यांनी खाली ठेवलेला घास उचलला, चावला, गिळला, पाणी प्यायले.

"सही अडवली, ते माह्याकडून चुकलंच," ते म्हणाले.

"अन् बाकीचं?"

"बाकीच्याचं," चंपतराव भात पुढं ओढत म्हणाले, "मीटिंग लावा लागन."

सिंधूताई इतक्या हसल्या, की टाके दुखले म्हणून ओरडल्या, आणि यमुताईंनी दोघा पुरुषांना दटावून आणखी भाजी वाढली.